गणित टाळायला डी.फार्म? जरा थांबा, ताई

ताई, तुमचं बार्शीहून आलेलं पत्र वाचलं. लेक बारावी पीसीबी झालीय, नीटचं जमलं नाही, सीईटी बरी गेलीय, घरचं मेडिकल आहे. केमिकल काइनेटिक्समध्ये, म्हणजे रिअ‍ॅक्शनच्या वेगाच्या धड्यात, तिची पार दांडी गुल झाली, लॉग आणि ग्राफ दिसले की रडकुंडीला येते, आणि कोणीतरी सांगितलं की बी.फार्मला तेच परत येतं, म्हणून आधी डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) करू दे, मग डायरेक्ट सेकंड इयरला बी.फार्म (पदवी), म्हणजे गणित टळलं. वर मिस्टरांचा सवाल, गोळ्या विकायला रिअ‍ॅक्शनचा वेग कशाला लागतो?

मिस्टरांपासूनच सुरू करते. त्यांना म्हणावं, रॅकवरचा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडचा ड्राय सिरप काढा आणि लेबल वाचा. पावडर कोरडी आहे तोवर दीड-दोन वर्षं चालते, पण एकदा का लेबलवरच्या खुणेपर्यंत पाणी घालून हलवलं की फ्रीजमध्ये ठेवा आणि सात दिवसांत संपवा. औषध तेच, बाटली तीच, मग असं काय झालं? पाणी आलं की औषधाचा रेणू तुटायला लागतो, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि तो तुटण्याचा वेग कोरड्या पावडरीपेक्षा कितीतरी जास्त. फ्रीज हा वेग कमी करायला. उरलेला सिरप महिन्याने परत पाजणारे आईबाप त्यांच्या काउंटरवर येतच असतील, त्यांना "असं करू नका" एवढं कोणीही सांगेल, का नाही ते ज्याला काइनेटिक्स कळलं तो सांगेल. अ‍ॅस्पिरिनचंही तेच, ओल लागली की सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड होतं, म्हणून जुन्या डबीला व्हिनेगरसारखा वास मारतो.

आता पुढचं लेकीला वाचायला द्या.

बाळ, तू ज्याला घाबरतेस त्यात औषधाच्या बाजूने बघितलं तर दोनच गोष्टी मुख्य आहेत. फर्स्ट ऑर्डर म्हणजे जेवढं औषध उरलंय त्याचा ठरावीक हिस्सा दर वेळी जातो. झिरो ऑर्डर म्हणजे किती उरलंय याच्याशी देणंघेणं नाही, दर तासाला ठरावीक मिलिग्रॅमच जातात. पॅरासिटामॉलचं हाफ लाइफ, म्हणजे औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण अडीच तास धर, शरीरात ५०० मिलिग्रॅम असेल तर अडीच तासांनी २५०, पाच तासांनी १२५, साडेसात तासांनी ६२ च्या आसपास. ही फर्स्ट ऑर्डर, आणि यात तुझा तो लॉग फक्त वाकडी रेघ सरळ करायला येतो, बाकी त्याला काही काम नाही. दारूचं मात्र वेगळं, यकृत तिला जवळपास झिरो ऑर्डरने काढतं. फिटवरच्या फेनिटॉइनची तर गंमतच, हायवेच्या टोलनाक्यासारखं, गाड्या कमी असल्या तर जितक्या येतील तितक्या पार होतात, पण सगळ्या खिडक्या भरल्या की तासाला ठरावीकच सुटणार आणि मागे रांग वाढत जाणार. म्हणून त्याचा डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळू शकतं, आणि डॉक्टर मध्ये मध्ये रक्त तपासून बघतात.

दुसरी गोष्ट एक्स्पायरी. ती तारीख कोणी अंदाजाने टाकत नाही. ढोबळमानाने औषध १०० चं ९० टक्के व्हायला किती वेळ लागतो ते बघतात, फर्स्ट ऑर्डर असेल तर ०.१०५ भागिले के (के म्हणजे औषध तुटण्याच्या वेगाचा स्थिरांक), बस. समज के महिन्याला ०.००३५ आहे, तर उत्तर ३० महिने. हे कॅल्क्युलेटरवर करून बघ, आत्ताच. मग तापमान येतं. स्वांते अऱ्हेनियसने १८८९ मध्ये तापमान आणि वेगाचं समीकरण मांडलं, आणि ढोबळमानाने आपण म्हणतो की दहा अंश वाढले की वेग दोन ते तीन पट. म्हणजे आपले ३० महिने १० ते १५ वर आले. लेबलवर "३० अंशांखाली ठेवा" लिहिलंय आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो, तर पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलेल्या मालाचं काय होत असेल ते तूच बाबांना सांग. कंपन्या हेच मुद्दाम करतात, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने सॅम्पल ठेवायचे, ठरलेल्या वेळी काढून एचपीएलसीवर (औषध किती उरलंय ते मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायचे. हेच काम करणारा अख्खा स्टॅबिलिटी विभाग असतो आणि तिथे बी.फार्म, एम.फार्मची मुलं लागतात.

आता ताई, कोर्सचं. पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या) बी.फार्म अभ्यासक्रमात काइनेटिक्स चौथ्या सेमिस्टरला फिजिकल फार्मास्युटिक्स दोनमध्ये एका युनिटपुरतं येतं, मग सहाव्या सेमिस्टरला फार्माकोकायनेटिक्समध्ये, म्हणजे शरीरात औषध किती वेगाने येतं-जातं त्या विषयात. पण पीसीबीच्या मुलांना पहिल्याच सेमिस्टरला रेमेडियल मॅथ्स (राहिलेलं गणित भरून काढायचा विषय) असतं, सुरुवातीच्याच युनिटमध्ये लॉग शिकवून शेवटी ते काइनेटिक्सच्या गणितांनाच लावून दाखवतात. डी.फार्म करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांचं नेमकं हेच पहिलं वर्ष हुकतं, डी.फार्मला गणित जवळपास नसतंच, आणि मग वर्षभरात फिजिकल फार्मास्युटिक्स समोर. म्हणजे गणित टाळायचा जो रस्ता सांगितलाय त्यावरच ते जास्त बोचतं!

फक्त दुकान चालवायचं असेल तर डी.फार्म, ५०० तासांचं ट्रेनिंग, पुढची एक्झिट एक्झाम आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, एवढं पुरतं, त्यात कमीपणा काही नाही. पण तुम्हीच लिहिलंय की तिला प्रॅक्टिकल आवडतं आणि गल्ल्यावर बसायचा कंटाळा येतो. मग दुकान कोणाला हवंय ते आधी घरात बोलून घ्या. मला तरी पत्रावरून सरळ बी.फार्मच योग्य वाटतं.

तिची भीती खरी किती आहे ते बघायला एक करा, दुकानातल्या फसफसणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या तीन गोळ्या घ्या, एक फ्रीजच्या पाण्यात, एक साध्या, एक कोमट, पाणी सारखंच, आणि मोबाइलवर वेळ लावून तिला ग्राफ काढायला सांगा. चौथी गोळी चुरून साध्या पाण्यात टाका. हे करताना ती रमली तर कॅप राउंडचा (सीईटीनंतरच्या प्रवेशफेरीचा) ऑप्शन फॉर्म बिनधास्त भरा. कॉलेज बघायला जाल तेव्हा पीसीआयची मान्यता चालू वर्षाची आहे ना ते विचारा आणि स्टॅबिलिटी चेंबर दाखवा म्हणा. डिस्प्लेवर तापमान-आर्द्रतेचे आकडे दिसले आणि आत खरोखर सॅम्पल असले तर ठीक, नुसता झाकून ठेवलेला असला तर ते कॉलेज यादीत खाली टाका.