पिकअपला मागे स्टॅबिलायझर बार बसवावा का?

प्रश्न : माझी पिकअप पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) आहे. यावल तालुक्यातून मी तिने छत्रपती संभाजीनगरला केळी पोहोचवतो. कन्नड घाटाच्या वळणांवर भरलेली गाडी बरीच कलते, म्हणून गॅरेजवाल्यांनी मागे जाड स्टॅबिलायझर बार टाकण्यास सुचवले आहे. तो टाकावा का? परतताना गाडी बहुधा रिकामी असते.
— एक वाचक, ता. यावल

उत्तर : आपण शेवटी जाता जाता लिहिलेल्या वाक्यावरच हा निर्णय अवलंबून आहे. हा बार डाव्या आणि उजव्या चाकांना जोडतो. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर तो नुसता फिरतो, मात्र एकच चाक उचलले गेले की तो पिळला जातो आणि त्या पिळाच्या विरोधामुळे गाडीचा कल कमी होतो. गाडीची भारवहनक्षमता त्याने वाढत नाही, आणि बसलेले पाटेही तो सावरत नाही.

बार मागेच बसवला, तर वळणावर मागच्या बाहेरील चाकावर जास्त भार जातो, आतील चाक हलके होते आणि मागच्या टायरांची एकूण पकड घटते. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळातच हलका असतो. त्यामुळे पावसाळ्यात घाटातील ओल्या रस्त्यावर तो बाहेर घसरण्याची भीती वाढते. म्हणजे जाताना मिळालेल्या स्थैर्याची किंमत परतताना मोजावी लागेल. शिवाय केळीबागेकडे जाणाऱ्या काळ्या मातीच्या चाकोऱ्यांत चाकांनी एकमेकांपासून मोकळेपणाने वरखाली व्हायला हवे, आणि नेमके तेच हा बार रोखतो.

म्हणून आधी गाडी नीट पाहावी. वळण संपल्यावरही ती डोलत राहत असेल तर दोष बहुधा स्प्रिंगची उसळी शमवणाऱ्या शॉकअपचा आहे, आणि बार हा त्यावरचा इलाज नव्हे. पाट्यांच्या टोकांना बसणारे बुश, पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट आणि टायरमधील हवा तपासावी. माल फाळक्यांच्या वर किती जातो, हेही पाहावे; आमच्या मते कलण्याचे मोठे कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते, कारण उंच रचलेल्या घडांमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. मंजूर वजनापेक्षा जास्त माल भरत असाल, तर बाकी चर्चा व्यर्थ आहे.

एवढे करूनही कल राहिला, तर कंपनीने आपल्याच मॉडेलसाठी दिलेला बार मिळतो का, याची चौकशी करावी आणि वॉरंटीबाबतही विचारून घ्यावे. ‘जाड तितका चांगला’ हा समज मात्र सोडावा : ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे 20 मिलिमीटरऐवजी 22 मिलिमीटरचा भरीव बार घेतला, तर बाकी रचना तीच असूनही तो सुमारे 46 टक्क्यांनी ताठर होतो. बसवल्यावर मागचा अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना बार किंवा त्याला जोडणारी दांडी (लिंक) ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना, हे गाडी उचलून स्वतः पाहावे, आणि काही दिवस गाडी चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.