वाचकांचे प्रश्न : ईथन फ्रोम आणि न्यूलंड आर्चर

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी ईडिथ व्हॉर्टन यांच्या ‘ईथन फ्रोम’ (१९११) आणि ‘द एज ऑफ इनोसन्स’ (१९२०) या कादंबऱ्यांच्या नायकांची तुलना केली आहे. दोघांचा जीव लग्नाबाहेरच्या स्त्रीत अडकलेला. ‘दोघेही समाजाचे बळी’ या माझ्या निष्कर्षावर ‘फार ढोबळ’ असा शेरा मिळाला. नेमकेपणा कसा आणू? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : शेरा योग्य आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या बर्फात गाडलेल्या खेड्यातला शेतकरी ईथन आणि १८७०च्या दशकातल्या न्यू यॉर्कमधला श्रीमंत वकील न्यूलंड आर्चर (‘द एज ऑफ इनोसन्स’चा नायक), या दोघांना तुम्ही ‘समाज’ या एकाच शब्दात बसवलंत. आधी कुणाला काय अडवतं ते वेगवेगळं लिहून काढा.

ईथनची सुरुवात पैशापासून करा. त्याचं शेत आणि लाकूड कापायची गिरणी दोन्ही गहाण आहेत. त्याची बायको झीना, तिच्या नात्यातल्या आणि त्यांच्याच घरी राहणाऱ्या मॅटीला (ईथनचा जीव हिच्यातच अडकला आहे) घराबाहेर काढते त्या रात्री तो बायकोला निरोपाचं पत्र लिहायला बसतो. डोंगरापलीकडचा एक माणूस असाच दुसरीबरोबर पश्चिमेला गेला होता, हे त्याला आठवतं. पण त्या माणसाने बायकोला शेत दिलं होतं. ते विकून आणि पोटगीच्या जोरावर तिने खाणावळ काढली. ईथनचं शेत विकून झीनाच्या हाती काय पडणार? आणि मॅटीला घेऊन जायला गाडीभाडं तरी कुठून आणायचं? पत्र तिथेच अडतं. हा हिशेब तुमच्या लेखात हवाच. तो गाळलात तर ईथन नुसता भित्रा ठरतो, आणि तो तसा नाही.

आर्चरला तिकिटाची चिंता नाही. त्याची कोंडी बऱ्याच अंशी त्याने स्वतःच बांधलेली आहे. बारावं प्रकरण काढा. नवऱ्याला सोडून आलेल्या एलन ओलेन्स्कात पुढे त्याचा जीव अडकतो, पण तिने घटस्फोट मागू नये म्हणून तिच्या घरच्यांच्या आणि आपल्या वकील-कचेरीच्या वतीने तिचं मन वळवतो तो आर्चरच. अठराव्या प्रकरणात तो तिच्यापुढे प्रेम कबूल करतो, तेव्हा ही वाट तूच बंद केलीस, असं ती त्याला दाखवून देते. त्याच रात्री त्याच्या वाग्दत्त वधूची, मेची, तार येते : ईस्टरनंतर लग्नाला घरचे तयार आहेत. म्हणजे आर्चरची ओढ लग्नाआधीची आहे आणि ती मनात घेऊनच तो बोहल्यावर चढतो. ईथनच्या आयुष्यात मॅटी येते ती लग्नानंतर सहाएक वर्षांनी. दोघांना सरसकट ‘लग्नात अडकलेले’ म्हटलं की हा फरक पुसला जातो.

यानंतर दोन प्रसंग शेजारी ठेवा. मला तुलनेचा गाभा इथे दिसतो. ईथन त्याचं लाकूड घेणाऱ्या अँड्र्यू हेलकडे निघतो. झीनाच्या आजारपणासाठी मोलकरीण हवी, असं सांगून लाकडाचे पैसे आगाऊ मागायचे आणि त्यातून पळून जायचं, असा त्याचा बेत आहे. वाटेत हेलची बायको भेटते आणि तुझ्या वाट्याला फार वाईट दिवस आले रे, अशा अर्थाचं काही कळवळून बोलते. इतक्या भल्या माणसांना फसवायचं, या विचारानेच तो मागे फिरतो. आर्चरसाठी तेहेतिसाव्या प्रकरणातली एलनच्या निरोपाची मेजवानी आहे. सगळे हसून बोलतात, अदबीने वागतात. जेवताजेवता त्याच्या लक्षात येतं की ही सगळी मंडळी आपल्याला आणि एलनला प्रियकर-प्रेयसी समजून बसली आहेत, आणि ठरवून त्यांची ताटातूट करत आहेत.

दोघांनाही कुणी दम देत नाही, गोड बोलूनच परत पाठवलं जातं. मात्र मिसेस हेलचा कळवळा खरा आहे. तिथे ईथनला अडवतं ते त्याचं स्वतःचं मन. मेजवानीतला गोडवा म्हणजे बंदोबस्त आहे. हा फरक मांडलात की ‘समाज’ हा शब्द वापरायची गरजच राहणार नाही.

एक सावधगिरी. ईथनची हकिगत आपल्याला सांगतो तो कामानिमित्त गावात आलेला एक इंजिनिअर, आणि तीही ईथन-मॅटीची घसरगाडी झाडावर आदळून झालेल्या अपघातानंतर चोवीस वर्षांनी, इकडून तिकडून कानावर आलेल्या तुकड्यांतून जुळवून. मधली नऊ प्रकरणं ही त्याची कल्पना आहे. त्यामुळे ‘ईथनला असं वाटलं’ असं लिहिताना ‘निवेदकाच्या मते’ ही पुस्ती जोडा. आर्चरच्या बाबतीत अडचण उलटी आहे. लेखिका जवळपास सर्वत्र त्याच्याच डोळ्यांनी दाखवते, म्हणून मे काय विचार करते हे त्याच्याइतकंच आपल्यालाही शेवटपर्यंत कळत नाही.

प्रश्न : आमच्या वाचनगटात वाद झाला. झीना खलनायिका आणि मे भोळी, असं बहुतेकांचं मत पडलं. पटत नाही. – नाशिक

उत्तर : तुमचं न पटणं रास्त आहे. दोन्ही कादंबऱ्यांत नवरे घुटमळतात आणि निर्णय बायका घेतात. झीना डॉक्टरला दाखवून येते ती मोलकरीण ठरवूनच, आणि मॅटीला दुसऱ्याच दिवशी घर सोडायला लावते. मे तर हे आवाजही न चढवता करते. दिवस गेल्याची खात्री नसतानाच ती एलनला तसं सांगून टाकते; एलन युरोपला परतायचं ठरवते. आर्चरला हे कळतं ते मेजवानीच्या रात्री, मेने एलनला सांगून पंधरवडा उलटल्यावर. त्या क्षणी मेच्या पाणावलेल्या निळ्या डोळ्यांत विजय आहे. तिला भोळी म्हणणाऱ्यांना हे पान मोठ्याने वाचायला सांगा.

झीनासाठी लोणच्याची लाल काचेची बशी पाहा. लग्नात आलेली ती बशी तिने कधीच वापरली नाही, फडताळात अगदी वर जपून ठेवली. ती नसताना मॅटी बशी जेवणाच्या टेबलावर काढते आणि मांजर ती फोडतं. तुकडे जुळवून ठेवलेले झीनाला सापडतात तेव्हा ती रडते, आणि ते रडणं खोटं नाही. शिवाय शेवटी अपघातात पंगू झालेल्या ईथन आणि मॅटीचं करते कोण? आयुष्यभर आजारी म्हणवणारी झीनाच. अपघाताने मोडलेली मॅटी मात्र आता कुरकुर करत खुर्चीत बसून असते. गटात चर्चा करताना हा उपसंहार आधी वाचा, मग मागची प्रकरणं. झीनाबद्दलची मतं बदलतील.

प्रश्न : या कादंबऱ्यांत लेखिकेचं स्वतःचं लग्न किती? – पुणे

उत्तर : तारखा जुळवून बघण्याइतपत. व्हॉर्टन यांचं लग्न १८८५ सालचं, घटस्फोट १९१३ सालचा. म्हणजे ‘ईथन फ्रोम’ लग्न मोडण्याआधी छापलं गेलं आणि दुसरी कादंबरी त्यानंतर सात वर्षांनी. घसरगाडी झाडावर आदळण्याच्या प्रसंगामागे १९०४ साली लेनॉक्स गावात घडलेला खरा अपघात आहे. त्या काळात लेखिकेचं घर तिथेच होतं. पण झीना म्हणजे लेखिकेचा नवरा, असली समीकरणं मांडू नका. पहिल्या पुस्तकात सुटकेचा प्रयत्न सरळ एल्मच्या झाडावर जाऊन आदळतो. दुसऱ्यात सत्तावन्न वर्षांचा विधुर आर्चर पॅरिसमध्ये एलनच्या घराखाली बाकावर बसून राहतो, मुलाला एकट्याला वर पाठवतो आणि नोकराने खिडकी लावून घेतल्यावर उठून हॉटेलकडे चालू लागतो. आता त्याला अडवायला ना बायको उरली आहे, ना ते न्यू यॉर्क.