‘तुम्ही इंग्रजी कशा शिकवणार?’

ताई, मी साताऱ्याची, वय २३. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि शाळेतल्या शिक्षकांच्या मदतीला असिस्टंट म्हणून ऑक्टोबरपासून फ्रान्समधल्या एका छोट्या गावात इंग्रजी शिकवतेय. आयुष्यातली पहिलीच नोकरी. पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलाने भर वर्गात विचारलं, “पण भारतात ‘हिंदू’ बोलतात ना? मग तुम्ही इंग्रजी कशा शिकवणार?” सगळे हसले. वर्गाच्या बाई मला पंधरा मुलं देतात, ‘काहीही बोला त्यांच्याशी’ म्हणतात आणि जातात. मुलं गप्प बसतात, नाहीतर आपापसात खिदळतात. स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. आईला रोज ‘सगळं छान’ म्हणून सांगते. नाताळात कायमची परत येऊ का?
– परतीच्या वाटेवर

अगं, ‘हिंदू बोलतात ना’ हे तुला टोचलं, पण त्या पोराचं वय बघ. अकरा-बारा वर्षांचा. त्याला खरंच माहीत नाही. (तुझ्या लक्षात आलंच असेल, त्यांची सहावी आणि आपली सहावी एकाच वयाची. पुढे मात्र त्यांचे आकडे उलटे पळतात: पाचवी, चौथी, तिसरी.) मी ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागले तेव्हा मलाही एकाने विचारलं होतं, “मॅडम, तुम्ही फ्रान्सला गेलाय का?” गेले नव्हते. ‘नाही’ म्हणून मोकळी झाले असते तर विषय तिथेच संपला असता. मी गोल गोल उत्तर दिलं आणि वर्षभर त्या वर्गाच्या नजरेला नजर द्यायला कचरत राहिले.

म्हणून तू सरळ उत्तर दे, आणि तेही नोट दाखवून. आपली कुठलीही नोट घे. मागच्या बाजूच्या पट्टीत पंधरा भाषा, शिवाय हिंदी आणि इंग्रजी. मुलांना मोजायला लाव. सतरा झाल्या की विचार, यातली माझी कुठली? अंदाज इंग्रजीतच सांगायचा. कुणी तमिळवर बोट ठेवेल, कुणी उर्दूवर. ‘काहीही बोला’ म्हणून दिलेला अर्धा तास असा सहज निघतो.

उच्चारांचं म्हणशील, तर लंडनच्या बाईची नक्कल करायला जाऊ नकोस, दुसऱ्या मिनिटाला पकडली जाशील. तुझं इंग्रजी साताऱ्याहून पुण्यामार्गे आलंय, तसंच असू दे. आणि त्या मुलांचं काय चाललंय ते ऐकलंस का? त्यांच्या भाषेत ‘ह’ उच्चारतच नाहीत, त्यामुळे भूक लागलेलं पोर ‘आय अॅम अँग्री’ म्हणतं. त्यांना हे माहीत असतं, म्हणूनच ती तोंड उघडत नाहीत. २० पैकी २० सहसा कुणाला न मिळणाऱ्या शाळेत वाढलेली मुलं चुकण्यापेक्षा गप्प बसणं पसंत करतात. तुला वाटतं ती तुला हसतात. मला वाटतं, आपली पाळी येऊ नये म्हणून हसतात. एकदा ‘थ’ शिकवताना तूच मुद्दाम चूक, आणि बघ काय होतं ते.

आता त्या बाई. तिथे सरकारी शाळेत सहावीपासून पुढे शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांचे आठवड्याला १८ तास असतात. तास संपला की ती मंडळी घरी. आपल्यासारखं डबा उघडून चारपर्यंत बसणं तिथे नाही. तेव्हा त्या आपणहून तुला बसवून समजावतील याची वाट पाहू नकोस. आदल्या शुक्रवारी चार ओळींची मेल टाक: धडा कोणता, शब्द कोणते, तासाच्या शेवटी मुलांना कोणतं एक वाक्य बोलता आलं पाहिजे. एवढंच विचार. आणि ऑफिसातून वर्गाचे फोटो-नावांचे तक्ते मागून घे. नावाने हाक मारली की खिदळणं निम्म्यावर येतं. तरीही कुणी फारच दंगा केला तर त्याला बाईंकडे परत पाठव. तू असिस्टंट आहेस, आठवड्याला १२ तासांची. वर्गाला शिस्त लावायची म्हणून तुला नेमलेलं नाही.

स्टाफरूमचं मात्र मी तुझ्यावरच ढकलणार आहे. तू दार उघडून गुपचूप कोपऱ्यात बसत असशील, मोठी माणसं बोलली की आपण बोलायचं या हिशेबाने. तिथे आत येणाऱ्याने आधी ‘बाँजूर’ म्हणायचं असतं. न म्हणणारा शिष्ट ठरतो. आणि सहकाऱ्यांना तू ‘वू’ म्हणत असशील, आपल्या बाईंना ‘तुम्ही’ म्हणतो तसं. शिक्षक आपसात सहसा ‘त्यु’, म्हणजे ‘तू’, म्हणतात. तू आदर दाखवतेस, त्यांना तुटकपणा दिसतो. एखादीला सरळ विचार, ‘त्यु’ म्हणू का? तिला बरंच वाटेल.

परत येण्याचं म्हणशील, तर माझं मत ‘नको’. नोकरी ३० एप्रिलला संपतेच आहे, आणि जानेवारीनंतरचा जवळजवळ महिना सुट्ट्यांतच जातो. महिन्याला ८०० युरोंच्या आसपास मिळणाऱ्या पगारातून ऐन नाताळातलं तिकीट काढणंही शहाणपणाचं नाही. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा कुणी मोठं माणूस जाणूनबुजून तुझा अपमान करत असेल, तर शाळेत तुझी जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना लगेच सांग. त्यातूनही निभलं नाही तर खुशाल निघून ये. त्यात कसली आली लाज?

तिथल्या छोट्या गावात रविवारी जवळजवळ सगळं बंद असतं, हे खरंच वाईट आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. शनिवारी भाजी आणून ठेव.

आणि आईला ‘छान’ म्हणणं थांबव. “आई, आज पोरं हसली मला,” एवढं म्हण. दोन दिवस ती काळजी करेल, शेजारच्या काकूंनाही सांगेल. तिसऱ्या दिवशी तीच विचारेल, “काय गं, त्या आगाऊ कार्ट्याचं नाव काय?”

नोट कुठून आणू, असं मला विचारू नकोस. निघताना तिने तुझ्या हातावर दही घातलं असेल, तसे पाकिटाच्या आतल्या कप्प्यात शकुनाचे एकशे एक रुपयेही ठेवले असतील. बघ जरा.