अर्धांगवायूतला ‘वायू’ आणि मेंदूतली चिप

प्रश्न : ‘अर्धांगवायूच्या रुग्णाने विचारांनी माउस हलवला’ ही बातमीतली भाषा बरोबर आहे का? पक्षाघात, लकवा म्हणजे तेच ना? आणि मेंदूतल्या चिपने संगणक चालवायच्या या ब्रेन-कम्प्युटर इंटरफेसला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : बरोबर नाही, आणि हे वाचून वाचून डोळे शिणले. अर्धांगवायू म्हणजे डावं किंवा उजवं, एकच अंग जाणं. पक्षाघातातला ‘पक्ष’ही बाजूच. लकवा अरबीतून आलेला. तिथे तो फक्त तोंड वाकडं होण्याला म्हणतात, आयुर्वेदातलं ‘अर्दित’. मेंदूत चिप बसवायच्या ‘ब्रेनगेट’ प्रयोगातला 2004 मधला पहिला रुग्ण घ्या नाहीतर तशीच चिप बनवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीचा 2024 मधला, दोघांच्याही मानेतल्या मज्जारज्जूला इजा झालेली, चारही हातपाय लुळे. मग अर्धं कुठून काढलंत?

खरी गंमत ‘वायू’त आहे. त्याला पोटातला गॅस समजून ‘हा जुनाट शब्द टाकून द्या’ म्हणणाऱ्यांची मला कीव येते. सुश्रुताने वाताची, म्हणजे या वायूचीच, व्युत्पत्ती ‘वा गतिगन्धनयोः’ या धातूवरून सांगितली आहे. गती कळली. गंधन म्हणजे वास, असं ठोकून देणाऱ्यांनी पाणिनीच्या ‘यमो गन्धने’ सूत्रावरची ‘काशिका’ ही जुनी टीका उघडावी. गंधन म्हणजे सूचन, दुसऱ्याने झाकून ठेवलेलं वैगुण्य उघड करणं. रोखठोक मराठीत, चहाडी!

आता माझं म्हणणं, कोशकार नाकं मुरडोत. मज्जारज्जू निकामी झाला की वायूचं निम्मंच काम बंद पडतं. गती गेली, गंधन चालूच. रुग्ण हात हलवू बघतो तेव्हा हालचालीचा हुकूम सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी अजूनही तडतडतात. निरोप मानेपाशी अडतो. ब्रेनगेटची चार मिलिमीटर लांब-रुंद पट्टी, तिच्यावरच्या शंभरेक सुया, नेमकी ही चहाडी ऐकतात. संगणक तिचा अर्थ लावतो आणि पडद्यावरचा बाण सरकतो. 2021 मध्ये तर, हाताने लिहायचा नुसता प्रयत्न करणाऱ्या रुग्णाची मिनिटाला 90 अक्षरं पडद्यावर उमटली. म्हणजे त्या बातमीतलं ‘अर्धांग’ चूक, ‘वायू’ मात्र अगदी चपखल!

हां, इंटरफेस राहिलंच. ‘मेंदू-संगणक दुवा’ म्हणा. ‘आंतरपृष्ठ’ कुणाला कळणार? फक्त ‘मनकवडी चिप’ छापू नका. मनात चाललेलं सगळं काही या चिपना ठाऊक नसतं. मुख्यतः हालचालीचा प्रयत्न त्या टिपतात.