पाऊस मोजायला आधी एक बाटली पुरे

भाऊ, तीन हजारांचं डिजिटल यंत्र घ्यायची घाई करू नका. पहिला पावसाळा सरळ उभ्या बाजूंच्या बाटलीवर काढा. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, म्हणजे नरसाळं झालं. बूड खोलगट असेल तर बाटली सरळ होते तिथपर्यंत आधीच पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. ही खूण बहुतेक नवे लोक विसरतात आणि मग पहिल्याच सरीला भलताच आकडा सांगतात!

बाटली मोकळ्यावर ठेवा, भिंतीला किंवा कडुनिंबाला चिकटून नाही. अडथळा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं. हवामान खाते सकाळी साडेआठला मोजते, तुम्हीही तीच वेळ धरा. दोन दिवसांचं एकदम मोजलं तर मधलं थोडं पाणी वाफ होऊन जातं, पावसाने खंड देऊन ऊन पडलं तर हमखास.

१ मिलिमीटर म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर २० मिलिमीटर पडला की साधारण १८५० लिटर, म्हणजे हजार लिटरच्या जवळपास दोन टाक्या.

पावसासोबत तापमानही मोजणार असाल तर तापमापक सावलीत, डोक्याच्या उंचीला, वारा खेळेल असा टांगा. कूलरसमोर नको. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तिथला आकडा बघून नागपुरात थंडी पडली असं वाटेल.

शून्य मिलिमीटरचे दिवसही वहीत लिहा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या हवामान केंद्राचा अधिकृत आकडा तुमच्याशी जुळला नाही तर बाटली फेकू नका. शहराच्या सदर भागाला झोडपणारी सर मानेवाडा भागाला कोरडं ठेवते. आर्द्रता, वायुदाब पुढच्या वर्षी बघू.