मान, मनगट आणि मोबाइल

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. डोंबिवलीहून दादरला क्लासला जाताना लोकलमध्ये पूर्ण वेळ मोबाइलमध्ये मान घालून असतो. पाठीला बाक आल्यासारखा वाटतो. पाठ सरळ करणारा पट्टा मागवू का?

उत्तर: नको हो. खांदे ओढून धरायचं काम पट्ट्याने केलं, तर स्नायूंनी काय करायचं? डोकं साधारण पाच किलोचं. 60 अंश वाकलेल्या मानेवर सुमारे 27 किलो भार येतो, हा 2014 मधला आकडा तुम्हीही वाचला असेल. तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे, त्याने धास्तावू नका. मान वाकण्यासाठीच असते. तासनतास न हलणं जास्त नडतं, असं माझं ठाम मत आहे.

आज त्याला पालथं झोपवा आणि हात न टेकता छाती उचलायला सांगा. बाक सपाट झाला, तर तो सवयीचा आहे, व्यायामाने जाईल. तसाच ताठ राहिला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाताला मुंग्या येणं, वस्तू हातातून निसटणं, रात्री दुखून जाग येणं, यातलं काहीही असेल तरी थांबू नका.

गाडीत बसायला मिळालं, तर दप्तर मांडीवर उभं धरून त्यावर हात टेकवायचे, म्हणजे फोन वर येतो. ठाणं आलं, कुर्ला आलं, की फोन खिशात आणि खांदे मागे फिरवायचे. या वयाला रोज 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. क्लास दादरला आहे ना? मग शिवाजी पार्क जवळच आहे. अर्धा तास आधी पाठवा त्याला.

प्रश्न: मी अकरावीत आहे, गिरगावात राहते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. पेन धरवत नाही.

उत्तर: अंगठा मुठीत घे आणि मनगट हळूच करंगळीकडे वाकव. सणकन कळ गेली, तर अंगठ्याच्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवरचं आवरण सुजलेलं असू शकतं. एका हाताने फोन धरून त्याच अंगठ्याने टाइप करणं आजपासून बंद. फोन टेबलावर ठेव, तर्जनी वापर, मोठे निरोप बोलून पाठव. दोन आठवड्यांत उतार नाही पडला तर फिजिओथेरपिस्टकडे जा. परीक्षा होईपर्यंत अंगावर काढू नकोस, बाळा.

प्रश्न: मुलगी रात्री अंथरुणात फोन बघते, सकाळी डोळे लाल.

उत्तर: स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. त्यात झोपही कमी. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. चार्जर स्वयंपाकघरात हलवा, तुमचा फोनही तिथेच लावा.