रिपोर्टमध्ये ८९ टक्के, मग भंगार कमी का होत नाही?

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. वाळूजला पत्रा कापायचं फायबर लेझर मशीन, नवीन घेतलेलं नेस्टिंग सॉफ्टवेअर (पत्र्यावर पार्ट कमीत कमी जागेत मांडून देणारं), रिपोर्टमध्ये युटिलायझेशन म्हणजे पत्र्याचा वापर ८९ टक्के, आणि भंगारवाल्याचा टेम्पो मात्र पहिल्यासारखाच भरून जातोय. भोसरीत आमच्याकडे डिट्टो हेच चालू होतं.

कर्फ (कटची रुंदी), दोन पार्टमधला गॅप, लीड-इन (कट सुरू करायची छोटी वाट) हे तुम्ही सेट केलंच असणार, त्यात शिरत नाही. मला एकच सांगा, ते ८९ टक्के नेमके कशाचे?

३ एमएमचा २५०० बाय १२५० चा एमएस म्हणजे साध्या स्टीलचा पत्रा घ्या, वजन साधारण ७३.६ किलो. समजा त्यातून ५० किलोचे पार्ट निघाले आणि ते लांबीत १९०० पर्यंतच बसले. १९०० बाय १२५० चं वजन होतं ५५.९ किलो, म्हणजे त्या हिशोबाने ८९ टक्के. पण पूर्ण शीट धरली तर ५० भागिले ७३.६, म्हणजे ६८! मधला फरक आहे तो ६०० बाय १२५० चा तुकडा, साडेसतरा किलोच्या वर. सॉफ्टवेअर म्हणतं हा वाया गेलेला नाही, पुढे वापरायचाय. बरोबरच आहे त्याचं, पण तो पुढे वापरला तर ना. तो शेडच्या मागे पावसात गंजून शेवटी भंगारातच गेला तर तुमचा खरा आकडा ६८ च.

आता ही एवढी साधी गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही, हे माझं खरं दुखणं. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं (नाव घेत नाही, उगाच वाद नको) त्यांच्या सपोर्टला फोन केला की तिकीट टाका, तिकीट टाकलं की व्हर्जन अपडेट करा, अपडेट केलं की आधी एएमसी (वर्षाचा देखभाल करार) रिन्यू करा. मग एक पोरगा आला, बिचारा नवीनच होता, त्याने सगळं अनइन्स्टॉल करून परत टाकलं आणि तोच रिपोर्ट रंगीत पीडीएफमध्ये काढून दिला. वर साहेबांचं फोनवर उत्तर काय, तर "सिस्टिम करेक्ट आहे, तुमचा ऑपरेटर चेक करा." त्या वाक्यामुळे आमच्याकडे ऑपरेटरवर संशय, त्याची चिडचिड, आणि तो चांगला हाताचा माणूस दुसरीकडे निघून गेला. पत्र्याचं नुकसान भरून निघतं हो, असा माणूस परत मिळत नाही. आणि शेवटी निघालं काय? रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये टक्का वापरलेल्या भागावर काढायचा की पूर्ण शीटवर, याचा एक ऑप्शन होता. बस. तेवढं फोनवर सांगायला किती वेळ लागला असता?

दुसरी गोम भोकांची. काही रिपोर्ट पार्टचं क्षेत्रफळ बाहेरच्या कडेवरून धरतात. तुम्ही ३०० व्यासाची रिंग काढताय, आत २०० चं भोक, तर त्या चकतीतला ४४ टक्के माल आतून खाली पडतो आणि रिपोर्टमध्ये तो पार्टमध्येच मोजलेला असतो. अशा भोकात छोटे पार्ट बसवायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करा, फक्त आतला पार्ट आधी कापला जातोय ना ते कटिंग सिक्वेन्समध्ये बघा. बारीक पार्ट उभा राहून त्यावर लेझरचं हेड आपटायची भीती असेल तर मायक्रो जॉइंट (पार्टला पत्र्याशी धरून ठेवणारा, न कापलेला बारीक टाका) ठेवा.

म्हणून माझं स्पष्ट मत, टक्का बघूच नका. महिन्यात किती किलो पत्रा आला, किती किलोचे पार्ट बिलात गेले, शिल्लक स्टॉक किती, एवढं वहीत लिहा. वजनकाटा खोटं बोलत नाही (पासिंग झालेलं असेल तर, हा हा).

त्या ६०० च्या तुकड्याचं म्हणाल तर त्यावर कापल्या कापल्या मार्करने ग्रेड, जाडी, साइज लिहायची आणि तो सॉफ्टवेअरच्या स्टॉकमध्ये टाकायचा, "नंतर टाकू" म्हणाल तर कधीच टाकला जात नाही. ३०४ आणि २०२ (स्टेनलेस स्टीलचे दोन ग्रेड) चे बिननावाचे तुकडे एका रॅकमध्ये मिसळले तर तो रॅकच भंगार समजा. आणि हाताएवढ्या पट्ट्या जपून ठेवायचा मोह नको, एक किमान साइज ठरवा, त्याखालचं सरळ भंगाराच्या बिनमध्ये.

सगळ्यात जास्त फायदा आम्हाला मात्र सॉफ्टवेअरने नाही, खरेदीने झाला. नेहमीचे पार्ट २५०० मध्ये नीट बसत नव्हते, तर कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून कॉइलमधला (गुंडाळीतला) हव्या लांबीचा पत्रा कापून घ्यायला लागलो. थोडं प्रमाण लागतं, रोज बदलणाऱ्या जॉबला जमणार नाही. आधी चार वेगवेगळ्या लांबीवर नेस्ट करून बघा, मग ऑर्डर द्या. नुसतं हे बघायला डीपनेस्ट नावाचं नेस्टिंग सॉफ्टवेअर फुकट आहे, ते पुरतं. मशीनचा प्रोग्राम त्याच्यातून काढायचा म्हणाल तर तो वेगळा उद्योग आहे. डीएक्सएफमध्ये (ड्रॉइंगच्या फाइलमध्ये) डबल लाइनी आणि उघडे कॉन्टूर (टोकं न जुळलेल्या कडा) असतील तर कुठलंच सॉफ्टवेअर सरळ चालत नाही, ते आधी साफ करा.

हे सगळं लेझरपुरतं बोलतोय, शिअरिंगवर (पत्रा कातरायच्या मशीनवर) या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार कट लागतो, तिथला हिशोब वेगळा. बेंडिंगचे पार्ट असतील तर सॉफ्टवेअरला ते हवे तसे फिरवायची मोकळीक देऊ नका, बेंड रोलिंगच्या दिशेला समांतर आला तर चिरा जाऊ शकतात, आणि ब्रश फिनिश एसएसमध्ये (बारीक रेषांच्या स्टेनलेसमध्ये) रेषा आडव्या आल्या तर कस्टमर माल परत पाठवतो. टक्का दोन-चारने पडेल, पडू दे. पत्रा कस्टमरचा असेल तर भंगार कोणाचं हे पीओवर (त्याच्या ऑर्डरच्या कागदावर) लिहून घ्या, जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

रिपोर्टचं पहिलं पान इथे टाका, बघून सांगतो तुमचा टक्का कशावर काढलाय. पार्टची नावं आणि ड्रॉइंग नंबर झाकून टाका मात्र.